तीन आठवडे आणि तीन महिने

मराठीच्या प्राध्यापिकेने ज्ञानेश्वर-तुकारामांवर लिहावे, फार तर नवकवितेवर चार शब्द बोलावेत; रक्तावर लिहायचे तिला काय कारण? हा प्रश्न आमच्याच घरी, आमच्याच यजमानांनी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारला. मी त्यांना म्हटले, "मराठी माणूस रक्त आटवतो, रक्ताचं पाणी करतो, रक्ताची नाती जोडतो आणि जमल्यास तोडतोही. रक्तावाचून आमचा विषय एक पाऊल पुढे सरकत नाही!" हे उत्तर त्यांच्यापुरते झाले. खरे कारण निराळे आहे. गेल्या वर्षी ते माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसत होते, आणि त्याच्यापुढे मी चांगलीच खजील झाले.

आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम अकरा वर्षे माझ्याकडे आहे, आणि त्या कामातला मोठा सण म्हणजे ऑगस्टमधले रक्तदान शिबिर. सभागृहात खाटा मांडायच्या, मुलींनी रांगोळी काढायची, बिस्किटांचे पुडे मोजून ठेवायचे, आणि दुपारी प्राचार्यांनी फेरी मारून विचारायचे, "काय मॅडम, किती बाटल्या झाल्या?" बाटल्या जाऊन पिशव्या आल्याला जमाना लोटला, पण जिभेवरची बाटली काही हटत नाही. आकडा वार्षिक अहवालात जातो. मागच्या वर्षीपेक्षा तो मोठा असावा एवढीच माझी महत्त्वाकांक्षा असे. कोण देतो, पूर्वी केव्हा दिले होते, पुन्हा केव्हा देईल, हे रक्तपेढीच्या लोकांनी पाहावे. आपण आपले आकडा पाहावा!

आमचा हा विद्यार्थी (नाव सांगत नाही, त्याला अजून नोकरी लागायची आहे) शेतकऱ्याचा मुलगा. पोलीस भरतीची तयारी करणारा. रोज पहाटे पाचला मैदानावर सोळाशे मीटर धावायचे आणि अकराला माझ्या तासाला येऊन डुलक्या घ्यायच्या, असा त्याचा नेम. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये शिबिरात रांगेत पहिला तोच होता. सप्टेंबरच्या शेवटी त्याच्या वहीतून एक रंगीत प्रमाणपत्र खाली पडले. कुठल्याशा गणेश मंडळाच्या रक्तदान शिबिराचे. मी ते उचलले, मोठ्याने वाचून दाखवले, त्याला उभे केले आणि वर्गाला म्हटले, "घ्या आदर्श!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. दोन शिबिरांच्या मध्ये पाचच आठवडे गेले होते, हे त्या टाळ्यांत माझ्या ध्यानातही आले नाही. डिसेंबरमध्ये एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला त्याने तिसऱ्यांदा रक्त दिले. तिथे रक्तदात्यांना हेल्मेट वाटत होते.

जानेवारीतल्या एका थंडगार पहाटे मैदानाच्या तिसऱ्या फेरीत तो मटकन खाली बसला. आमचे घर मैदानाला लागून. मुलांनी त्याला उचलून आमच्याच ओटीवर आणले. ओठ पांढरे, धाप थांबेना. आमच्या डॉक्टरांनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि रक्त तपासायला पाठवले. हिमोग्लोबिन ११.४. धडधाकट पुरुषाचे तेरापेक्षा कमी असू नये. पळणाऱ्या पोराचे तर नाहीच नाही. दोन महिन्यांपासून त्याची धावण्याची वेळ वाढत चालली होती, आणि ती कमी व्हावी म्हणून तो बिचारा आणखी पळत होता.

"रक्त केव्हा दिलं होतंस?" डॉक्टरांनी विचारले.

त्याने खाली मान घालून सगळे सांगितले. चार महिन्यांत तीनदा. प्रत्येक ठिकाणी अर्जावर 'सहा महिन्यांपूर्वी' असे लिहून दिले होते. तीन शिबिरे, तीन निरनिराळ्या पेढ्या. कोणाला काय कळणार? माझा संताप झाला. "एका हेल्मेटसाठी?" असे मी बोलून गेले.

"हेल्मेट दाजींना दिलं, मॅडम," तो म्हणाला. मग थोडा वेळ थांबून, "आमच्या गल्लीत एक पोरगी हाय. सहा वर्षांची. तिला थॅलेसेमिया का काय म्हणत्यात ते हाय. दर तीन आठवड्यांला तिला रक्त चढवावं लागतं. शिबिरात कार्ड देत्यात ते मी तिच्या बापाला देतो. तिला तीन आठवड्यांनी लागतं आन् मी तीन महिने थांबायचं? मग तिनं पन थांबायचं का?"

डॉक्टर काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे तुझा. पण उत्तर तुझ्या एकट्याच्या अंगात नाही."

'दोन रक्तदानांत तीन महिन्यांचे अंतर' हे वाक्य मी अकरा वर्षे फलकावर रंगवून घेत आले होते. तीनच का? दोन का नाहीत, सहा का नाहीत? कोणी कधी विचारले नाही, आणि विचारले असते तर मला सांगता आले नसते. म्हणून मी जिल्ह्याच्या गावी रक्तपेढीत जाऊन तिथल्या डॉक्टरीण बाईंना गाठले. दोन शनिवार त्यांनी मला शिकवले. मराठी शिकवणाऱ्या बाईला शरीरशास्त्र शिकवणे सोपे नव्हे. त्यानंतर मी स्वतःही पुष्कळ वाचले. ते सगळे माझ्या भाषेत सांगते.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. शिबिरात त्यातले ३५० मिलिलिटर घेतात, वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५० पर्यंत. हे गेलेले रक्त शरीर भरून काढते, हे आपण ऐकलेले असते. पण भरून काढण्याची कामे एक नव्हे, तीन आहेत, आणि तिन्हींचा वेग निराळा आहे. पहिले काम पाण्याचे. तुम्ही खाटेवरून उठून बिस्किट खाता तोवरच शरीर इकडचे तिकडचे पाणी रक्तात ओढायला लागते, आणि एक-दोन दिवसांत रक्ताचे माप पूर्ववत होते. मराठीतला 'रक्ताचे पाणी करणे' हा वाक्प्रचार इथे अक्षरशः खरा ठरतो! माप भरते, पण रक्त पातळ होते. दुसरे काम तांबड्या पेशींचे. त्या हाडांच्या मगजात तयार होतात, सुमारे १२० दिवस जगतात, आणि कमी झालेल्या भरून यायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. कोणाला त्याहून जास्त. इथपर्यंतचे ऐकले की वाटते, दोन महिने पुरेत की! माझ्या विद्यार्थ्याचेही गणित काहीसे असेच होते.

पण तिसरे काम लोहाचे आहे, आणि सगळी मेख तिथे आहे. तांबडी पेशी लोहावाचून तांबडी होत नाही. ४५० मिलिलिटरच्या पिशवीबरोबर सुमारे दोनशे मिलिग्रॅम लोह जाते, ३५० च्या पिशवीबरोबर दीडशेच्या वर. आता जमेची बाजू पाहा. रोजच्या जेवणातून अंगी लागणारे लोह एक ते दोन मिलिग्रॅम. त्यातलेही बरेचसे रोजच्या खर्चालाच जाते. गरज पडली की शरीर अन्नातून थोडे जास्त ओढून घेते, हे खरे. तरी दीडशे-दोनशे मिलिग्रॅमची खोट भरायला महिनेच मोजावे लागतात. तोवर शरीर काय करते? साठ्यातून काढते. खाऊनपिऊन सुखी पुरुषाच्या अंगी साठवणीतले लोह ग्रॅमभर असते, बाईच्या अंगी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. घरातली कणगी समजा. पीक आले नाही तरी कणगीत धान्य आहे तोवर चूल पेटते आणि पाहुण्याला काही कळत नाही.

आणि शिबिरातली तपासणी म्हणजे हा पाहुणा. ती बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन बघते, म्हणजे आज रक्तात किती लोह खेळते आहे ते बघते. कणगीत किती उरले ते तिला दिसत नाही. त्यासाठी फेरिटिन नावाची निराळी तपासणी करावी लागते, आणि ती शिबिरात कोणी करीत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण मी व्याकरणाच्या तासाला किती वेळा फळ्यावर लिहिली असेल! आड आटत आला तरी पहिले काही पोहरे भरलेलेच वर येतात, एवढे मात्र म्हणीत सांगितलेले नाही. माझ्या विद्यार्थ्याचे डिसेंबरमधले हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर कसेबसे भरले होते. नियमाने तो पास होता. महिन्याभरात मैदानावर बसला.

लोहच या सगळ्याचे मूळ आहे याचा एक पुरावा बाईंनी सांगितला, तो ऐकून मी थक्क झाले. काही माणसांना लोह अंगात साठतच जाण्याचा आनुवंशिक आजार असतो. युरोपीय वंशाच्या लोकांत तो जास्त दिसतो. त्यांच्यावर उपचार काय, तर रक्त काढणे! सुरुवातीला आठवड्याला एक पिशवी, कित्येक महिने. आपण ज्याने आडवे होऊ, त्याने ती माणसे बरी होतात. कारण त्यांची कणगी उतू चाललेली असते.

वेगवेगळ्या देशांनी अंतर किती ठेवले आहे, हे पाहिले तर मौज वाटते. अमेरिकेत ५६ दिवस, म्हणजे आठ आठवडे. इंग्लंडात पुरुषांना बारा आठवडे, बायकांना सोळा. आपल्याकडे २०२० साली नियम सुधारले गेले, त्यांत पुरुषांना ९० दिवस आणि बायकांना १२०. वय अठरा ते पासष्ट, पहिल्यांदाच देणारा असेल तर साठीच्या आत, वजन निदान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन निदान १२.५. तुम्ही म्हणाल, अमेरिकन माणसाचे रक्त काय निराळ्या विहिरीचे आहे? तसे नाही. आठ आठवड्यांत पेशी बहुतेकांच्या भरतात, त्या हिशेबाने तो आकडा आहे. लोहाचा हिशेब अलीकडे लोक काळजीने करू लागले.

अमेरिकेतच २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २१५ रक्तदाते निवडले, त्यांनी एकेक पिशवी दिली. मग निम्म्यांना रोज लोहाची गोळी दिली, निम्म्यांना दिली नाही. साठा मुळातच कमी होता अशांचे हिमोग्लोबिन गोळी घेणाऱ्यांत सरासरी महिन्याभरात बव्हंशी भरून आले. न घेणाऱ्यांना पाच महिने लागले. आणि गोळी न घेतलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांचा लोहाचा साठा १६८ दिवसांनंतरही पूर्ववत झाला नव्हता. हे अमेरिकेत, जिथे जेवणात मांस मुबलक! भाजी-भाकरीतले लोह अंगी लागायला त्याहून कठीण.

इंग्लंडातला प्रयोग याहून मोठा. २०१२ ते २०१४ या काळात तिथे सुमारे ४५ हजार रक्तदाते त्यात सामील झाले. पुरुषांतल्या काहींनी बारा, काहींनी दहा, काहींनी आठ आठवड्यांनी रक्त द्यायचे. बायकांनी सोळा, चौदा किंवा बारा. असे दोन वर्षे. २०१७ साली निष्कर्ष छापून आले. लवकर लवकर घेतले तर रक्त अर्थातच जास्त मिळाले, आणि मोठा अपाय कोणाला झाल्याचे दिसले नाही. पण लवकर देणाऱ्यांत थकवा, धाप, चक्कर अशा तक्रारी जास्त, लोहाचा तुटवडा जास्त, आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवावे लागणारेही जास्त. म्हणजे घाईने घेतलेल्या रक्तदात्याला पेढी पुढच्या वेळी दारातूनच परत पाठवते. आमच्या तालुक्यातल्या भाषेत याला शेळीचे दूध शेवटच्या थेंबापर्यंत काढून करडू उपाशी ठेवणे म्हणतात.

इथे कोणी शहाणा विचारील, मग वर्तमानपत्रांत शेकडो वेळा रक्तदान करणाऱ्यांची नावे येतात ती कशी? ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन पाहा. चौदाव्या वर्षी छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली, अनोळखी माणसांच्या रक्तावर वाचले, आणि अठरा वर्षे पूर्ण होताच, १९५४ साली, देऊ लागले. २०१८ साली, एक्याऐंशीव्या वर्षी, नियमाप्रमाणे थांबावे लागले तेव्हा मोजदाद ११७३ वर गेली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते वारले. त्यांच्या रक्तात एक दुर्मिळ प्रतिपिंड होते. आई आणि बाळ यांच्या रक्तगटांचे जमत नाही तेव्हा बाळाला वाचवणारे औषध त्यापासून बनते, म्हणून त्यांच्या रक्ताला एवढी मागणी. पण दर पंधरवड्याला ते देत तो रक्तद्रव, तांबड्या पेशी नव्हेत. यंत्र रक्त घेते, हवा तो भाग काढून ठेवते आणि पेशी परत अंगात सोडते. लोह घरच्या घरी राहते! आपल्याकडे डेंग्यूच्या दिवसांत ज्या प्लेटलेट्ससाठी नातेवाइकांची धावाधाव होते, त्या अशा यंत्राने दिल्या तर दोन वेळांत ४८ तासांचे अंतर चालते. मात्र आठवड्यातून दोनदा आणि वर्षातून चोवीस वेळा, याहून जास्त नाही. साधे रक्त दिलेल्या माणसाने मात्र त्यासाठी २८ दिवस थांबायचे. तेव्हा एखाद्याने 'मी परवाच दिले, आज पुन्हा दिले' असे सांगितले, तर काय दिले ते आधी विचारावे.

रक्त वरचेवर देणाऱ्यांची आणखी एक जात आपल्या देशात होती, तिची आठवण आता बुजत चालली आहे. पोटासाठी रक्त विकणारे. पेढीच्या दाराशी ते बसलेले असत, नाव बदलून, गाव बदलून, अंतर न पाळता पुन्हा पुन्हा देत. त्यांचे रक्त पातळ, त्यात रोगांची भीती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताच्या धंद्यावर बंदी आली. माझ्या विद्यार्थ्याने तारीख खोटी लिहिली ती पैशासाठी नव्हे, पण शरीराला हेतू कळत नाही. आणि शिबिराच्या मांडवात हेल्मेटे, थर्मास, बॅगा वाटणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे खजील होणे पुरे होईल. दुसऱ्या शनिवारी मी बाईंना मोठ्या तोऱ्यात म्हटले, "त्या पोराच्या वाटचं रक्त आज माझं घ्या." अकरा वर्षे शिबिरे भरवणाऱ्या या बाईने स्वतः किती वेळा रक्त दिले होते? तीनदा. बाकीच्या वेळी मी टेबलामागे बसून नावे लिहीत असे. बाईंनी बोटाला टोचले आणि म्हणाल्या, "११.८. तुम्हीच आधी घ्या काहीतरी!"

घरी आल्यावर यजमान हसले. मला हसू आले नाही. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. म्हणजे मी काही निराळी नव्हते, बहुमतात होते. महिन्याची पाळी, बाळंतपणे, सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर उरेल ते जेवण. कणगी भरायची कधी? बायकांना चार महिन्यांचे अंतर आहे ते काही सौजन्य म्हणून नव्हे. बाळंतपणानंतर वर्षभर आणि अंगावर पाजत असेतो तर रक्त घेतच नाहीत. शिबिरात हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलेल्या मुलींची आम्ही आजवर थट्टा करीत आलो. त्या रांगेत मीही उभी राहिले तेव्हा कळले की परत पाठवलेल्या प्रत्येक मुलीच्या हाती एक चिठ्ठी द्यायला हवी होती, आणि तिच्या आईच्या हाती दुसरी.

सासूबाईंची लोखंडी कढई मी माळ्यावरून काढली. तिच्यात शिजवले तर भाजीत थोडे लोह उतरते, ही जुनी समजूत खरी आहे. जेवणावर चहा पिण्याची माझी वीस वर्षांची सवय मोडली, कारण चहा अन्नातले लोह अडवतो. उलट पानात पिळलेली लिंबाची फोड ते अंगी लावायला मदत करते. पण कढई आणि लिंबू यांनी माझ्यासारखीची कणगी भरत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या घ्याव्या लागल्या. त्या मनाने घेऊ नयेत. रक्त कमी का आहे हे कळल्यावाचून लोह खाणे हे कपडे न पाहता धोब्याला देण्यासारखे आहे. तीन महिन्यांनी माझे १२.९ भरले.

आता त्या सहा वर्षांच्या मुलीचे काय? तिच्या घरी मी गेले. आई शिवणकाम करते, बाप गवंडीकाम. मुलगी तासाभरात माझ्याशी तीन गाणी म्हणाली, पण रक्त चढवायची तारीख जवळ आली की ती अशी मलूल होते, की खेळणी हातात धरून नुसती बसून राहते, असे आई म्हणाली. थॅलेसेमियात मगजाला धड तांबड्या पेशी करता येत नाहीत. म्हणून दोन ते चार आठवड्यांनी दुसऱ्याच्या पेशी द्याव्या लागतात, जन्मभर. अशा रुग्णांना रक्त विनामूल्य द्यावे असे सरकारी धोरण आहे. पण पेढीत पिशवीच नसेल तर धोरण काय करील? आणि पिशवी नसण्याचे दिवस ठरलेले आहेत: एप्रिल आणि मे. महाविद्यालये बंद, मुले गावी, उन्हाचा कडाका, शिबिरे नाहीत. उलट स्वातंत्र्यदिन, गणपती आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस आले की पिशव्यांचा पूर. तांबड्या पेशी शीतकपाटात पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात. ऑगस्टचे रक्त एप्रिलला पुरत नाही. माझ्या अकरा वर्षांच्या अहवालांतले फुगलेले आकडे सगळे ऑगस्टचे!

गणित बाईंनीच मांडून दिले. मुलीला दर तीन आठवड्यांनी एक पिशवी, म्हणजे वर्षाला सतरा-अठरा. नियमाला धरून एक धडधाकट पुरुष वर्षातून चारदा देऊ शकेल. पण नियमाची कड गाठलीच पाहिजे असे नाही. पुरुषांनी दोनदा आणि बायकांनी एकदा, असे सहा पुरुष आणि सहा बायका मिळाल्या की अठरा पिशव्या झाल्या, आणि कोणाच्या कणगीचा तळ दिसत नाही. त्या मुलीच्याच गटाचे रक्त हवे असेही नाही. पेढीतली साठवण हलती राहिली म्हणजे तिला तिचा गट मिळतो.

गट ठाऊक असणे मात्र कधी कधी फार मोलाचे ठरते. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवाच रक्तगट शोधून काढला, तो जगभर 'बॉम्बे' याच नावाने ओळखला जातो. वरवरच्या तपासणीत तो 'ओ' गटासारखा दिसतो, पण या माणसांना 'ओ' गटाचेही रक्त चालत नाही. फक्त आपल्याच गटाचे. भारतात दहा हजारांत एखादा असा निघतो. अशांना कुठून कुठून बोलावणी येतात, रात्री-अपरात्री गाडीत बसून ती माणसे जातात. त्यांनी ऊठसूट शिबिरांत देऊन बसू नये, हाक येईल तेव्हासाठी कणगी राखून ठेवावी.

बारा माणसे जमवायला मला वाटले होते त्याहून त्रास झाला. ऑगस्टच्या मांडवात शंभर येतात; 'तुम्ही फक्त मार्चचा दुसरा आठवडा सांभाळा' म्हटले की माणसे दिनदर्शिकेकडे बघायला लागतात. ग्रंथपाल तयार झाले, मैदानावरचे दोन जण, गल्लीतले एक दुकानदार, भूगोलाच्या बाई, त्यांची लेक. यादी कार्यालयाच्या भिंतीवर लावली. एप्रिलच्या तिन्ही घरांवर बरेच दिवस कोणाचे नाव नव्हते. एके दिवशी आमच्या यजमानांनी पेन मागून घेतले आणि मधल्या घरात स्वतःचे लिहिले. "तुझ्या लेखाला विषय कमी पडायला नको," म्हणाले. मेच्या पहिल्या आठवड्यात माझी पाळी आली. पेढीत मी एकटीच होते. रांगोळी नाही, प्राचार्य नाहीत, बिस्किट मात्र होते. दुसरे दिवशी जिना चढताना जराशी धाप लागली, तीही दोन दिवसांत गेली. आता जून, जुलै, ऑगस्ट नव्हे. पुढच्या मेपर्यंत माझे नाव यादीत कुठे नाही.

या ऑगस्टच्या शिबिरात आम्ही प्रत्येक अर्जावर तारीख विचारताना मुलांना डोळ्यांत डोळे घालून विचारले. वीस-बावीस जणांना परत पाठवले. आकडा गेल्या वर्षीपेक्षा कमी आला, आणि प्राचार्यांनी भिवया उंचावल्या, त्या उंचावू दिल्या.

आमचा धावणारा विद्यार्थी आता तृतीय वर्षाला आहे. सहा महिने गोळ्या घेऊन त्याचे हिमोग्लोबिन चौदावर आले आहे, आणि पहाटेच्या मैदानावर त्याची वेळ पूर्वीपेक्षाही खाली आली, असे तो म्हणतो. मला घड्याळातले काही कळत नाही. यादीत त्याचे नाव जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात होते. परवा दिवाळीची सुट्टी लागण्याआधी तो कार्यालयात आला, भिंतीजवळ बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, भरतीचं मैदान हिवाळ्यात लागंल. माझं जानेवारीचं घर दुसऱ्या कुनाला देता का? मी मार्चमधलं घेतो."

मी खोडरबर शोधून दिले. त्याने स्वतःच नाव पुसले आणि खाली मार्चमध्ये लिहिले. जानेवारीचे घर अजून रिकामे आहे.